सहा एक सात चार

पंचवटी कारंज्यावर कुणी तुमच्या गाडीमागे वाकून नंबरप्लेट वाचत असेल, तर तो वाहतूक पोलीस नव्हे. पोलीस पुढून येतो. मागे वाकलेले ते आमचे मास्तर. तुमच्याही आळीत एक असणारच: गणित शिकवून निवृत्त झालेला, पण खडू अजून खिशातच राहिलेला.

परवा गाडी लावून मी टपरीकडे निघालो, तोच मागून आवाज आला.

"पंधरा शेहेचाळीस. मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा."

"मास्तर, घाई आहे हो."

"घाईचीच आहे. सातच पायऱ्या."

आणि रस्त्यात उभे राहून त्यांनी सुरू केलं. ६५४१ वजा १४५६, ५०८५. आता ८५५० वजा ०५५८, ७९९२. मग ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२. मागे रिक्षावाला हॉर्न देत होता. शेवटी ८५३२ वजा २३५८. मास्तरांनी आरतीतलं शेवटचं कडवं म्हणावं तसा स्वर लावला, "सहा! एक! सात! चार!"

चार आकडी कुठलीही संख्या घ्या, आकडे सगळे सारखे नकोत एवढीच अट. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि एकदा आली की हलत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी हे शोधून काढलं. मास्तरांनी ते गावभर फिरवायचं कंत्राट घेतलंय. विजेच्या मीटरवर ६१७४. दवाखान्याच्या केसपेपरवर ६१७४. लग्नात नवरीच्या मामाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे घेऊन ६१७४, तेही अंतरपाट धरलेला असताना.

लग्नावरून आठवलं. मास्तर आहेर एकवीस रुपयांचाच करतात. लोक कंजूस म्हणतात. मास्तरांचं म्हणणं वेगळं. ज्या संख्येला तिच्या आकड्यांच्या बेरजेनं भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी. एकवीसची बेरीज तीन, भाग बरोबर सातदा. एक्कावन्नची बेरीज सहा, भाग जात नाही. "मुलीच्या संसारात बाकी कशाला ठेवायची?" मी म्हटलं, मग जपमाळेएवढे एकशेआठ द्या, बेरीज नऊ, भाग बारा. मास्तरांनी तत्परतेनं विषय बदलला.

त्यांचा दुसरा छंद माणसांना संख्यांचे पत्ते समजावण्याचा. "पंचवटीकर नाशिककर असतोच, पण दर नाशिककर पंचवटीकर नसतो. तसंच हे. एक, दोन, तीन या नैसर्गिक संख्या. सीतागुंफेजवळचे वड मोजा, पाच. शून्य धरलंत की पूर्ण संख्या. उधारी धरलीत की पूर्णांक. गुरुजींचा सव्वा रुपया धरलात की परिमेय. आतला प्रत्येक जण बाहेरच्या वाड्यातही नांदतोच." तेवढ्यात टपरीवरच्या पोऱ्यानं विचारलं, "किती चहा?" मास्तर म्हणाले, "औट." पोऱ्या माझ्याकडे बघायला लागला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे या देशातून गेले, याचा सगळा जाब तो पोऱ्या देणार होता. औट म्हणजे साडेतीन. तिघांना पूर्ण, मला कटिंग.

वास्तव संख्या शिकवायला मात्र त्यांनी भलताच मुहूर्त धरला होता. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर? गुडघे, कंबर, छाती, गळा. त्या दिवशी पाणी कंबरेवरून छातीला लागलं होतं, दुकानदार पोती वर चढवत होते, आणि मास्तर छत्री टेकून सांगत होते, "कंबरेवरून छातीला पाणी काय उडी मारून गेलं? मधल्या प्रत्येक बिंदूवरून गेलं. तुमचे अर्धे-पाव सगळे आले, दोनच्या वर्गमुळासारखे कुठल्याच अपूर्णांकात न बसणारे अपरिमेयही आले. नदी एकही वास्तव संख्या गाळत नाही. तुम्ही फक्त गुडघा आणि कंबर मोजता." डोक्यावर साखरेचं पोतं घेतलेल्या एका वास्तव माणसानं त्यांना जे सुनावलं, ते इथं छापता येणार नाही.

एकदा मीही चेष्टेत म्हणालो, "आमच्या गल्लीतला मंजूर झालेला रस्ता म्हणजे तुमची कल्पित संख्या." मास्तर खरंच दुखावले. "उणे एकच्या वर्गमुळाला बदनाम करू नका. कल्पित संख्येवर विजेचं सगळं गणित चालतं. तुमच्या रस्त्यावर काय चालतं?"

त्यांची एकच जीत मी डोळ्यांनी पाहिली. एक बिल्डर नवी कोरी गाडी घेऊन टपरीसमोर थांबला. नंबर ९९९९. त्या चार नवांसाठी किती मोजले, हे तो दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. मास्तर वाकले. मोठ्यात मोठी ९९९९. लहानात लहान ९९९९.

"शून्य," मास्तर म्हणाले. "तेही पहिल्याच पायरीला."

बिल्डरला काही कळलं नाही. पोऱ्याला कळलं. त्यानं मास्तरांकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

कापरेकरांचा विषय निघाला की मात्र मास्तर हळू बोलतात. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ मांडली, पण आपल्याकडच्या बऱ्याच पंडितांना तो पोरखेळ वाटला. पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. १९६२ला निवृत्त झाल्यावरही शिकवण्या सुटल्या नाहीत. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. "कुठल्याच संख्येत आपल्या आकड्यांची बेरीज मिळवून जी मिळत नाही," मास्तर म्हणाले, "तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. आपला पाच तसाच. तेही तसेच. त्यांना जन्म देणारी संख्या आधी नव्हती." थोडं थांबून म्हणाले, "मला पूर्वी पोरं रस्त्यात गाठून शंका विचारायची. आता गाडीलाच विचारावं लागतं."

मी घड्याळ बघितलं. मला कामं असतात.

गेले आठ-दहा दिवस मास्तर कारंज्यावर दिसले नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरी पडून आहेत, असं पोऱ्यानं सांगितलं. मला काय, उलट बरंच होतं. गाडी लावून सरळ चहा. फक्त काल निमाणीपाशी गर्दीत अडकलो, पुढच्या टेम्पोवर ८३५२ दिसलं, आणि मनात वजाबाकी सुरू झाली. उत्तर आलं ६१८४. पुन्हा केली. ६१८४. एवढी वर्षं हा माणूस आपल्याला फसवत होता की काय?

फोन लावला. "मास्तर, ६१८४ येतंय."

"सहा न् एक सात, आठ पंधरा, चार एकोणीस," पलीकडून लगेच आलं. "नवानं भाग जात नाही, म्हणजे चुकलंच. आकडे नुसते उलटसुलट केलेल्या संख्यांची वजाबाकी नवाच्या पाढ्यात यायलाच हवी. दशकाकडून उसना घेतलात आणि फेडला नाहीत. गाडीचा नंबर सांगा."

"अहो, डोळ्याला पट्टी आहे ना तुमच्या?"

"एकाच डोळ्याला. थांबा, वही घेतो."

मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता. मी नंबर सांगितला.