द्वादशी

त्याचं खरं नाव टीमच्या यादीत असतं, पण ते सगळ्यात खाली असल्यामुळे तिथपर्यंत कोणी वाचत जात नाही. आम्ही त्याला द्वादशी म्हणतो. अकरा जणांची ती एकादशी आणि तिच्या पाठोपाठ येणारा हा. पंचांगातल्या द्वादशीला निदान उपास सुटतो. याचा गेली नऊ वर्षं सुटलेला नाही.

आमचा क्लब कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा मुंबईच्या भर पावसाळ्यात चालते. खेळपट्टी उघड्यावर भिजलेली, मैदानात घोट्यापर्यंत गवत. देखणा कव्हर ड्राइव्ह मारावा तर चेंडू चार पावलांवर गवतात बसकण मारतो, म्हणून भलेभले इथे उचलून मारायला शिकतात. रविवारी सकाळी अशा चिखलात शहाणा माणूस जाणार नाही. द्वादशी सगळ्यांच्या आधी हजर असतो, तेही पांढरे केलेले बूट घालून. जुलै महिन्यात बुटांना पांढरं लावणारा मुंबईत तो एकटाच असावा.

टीममध्ये जागा मिळवायचे मार्ग दोनच. एक तर आपण धावा कराव्यात, नाही तर दुसऱ्या कुणाला काहीतरी व्हावं. पहिला मार्ग त्याने इमानेइतबारे चोखाळून पाहिला. पण नेटमध्ये त्याची बॅटिंग येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. चेंडू दिसत नाही आणि बोलर वडापावच्या गाडीवर पोचलेले असतात. तेव्हा नाइलाजाने तो दुसऱ्या मार्गाला लागला, आणि तोही अत्यंत प्रेमाने.

दर गुरुवारी रात्री मला त्याचा फोन येतो. ‘‘गुडघा कसा आहे रे?’’

माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी घरातही कोणी करत नाही. मी ‘‘एकदम बरा’’ म्हणालो की पलीकडे दोन क्षण शांतता पसरते. मग तो ‘‘वा, छान झालं’’ म्हणतो, पण आवाज स्मशानातून परतलेल्या माणसाचा असतो. कोणाच्या मेहुणीचं लग्न कधी, कोणाची सीएची परीक्षा कधी, गणपतीला कोण गावी जाणार, सगळं त्याला जूनमध्येच तोंडपाठ असतं. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर टीम जाहीर होते आणि कॅप्टन त्याला वेगळा फोन करून म्हणतो, ‘‘तू तयार राहा हं.’’ एवढ्या चार शब्दांवर त्याने नऊ पावसाळे काढले.

बाराव्या खेळाडूची थोरवी मात्र त्याच्याकडूनच ऐकावी. ब्रॅडमन १९२८ साली पहिल्या कसोटीत १८ आणि १ करून बसला, तेव्हा सिडनीच्या पुढच्या कसोटीत त्याला बारावा केला होता. २००५ साली ट्रेंट ब्रिजला पाँटिंगला धावबाद केला तो गॅरी प्रॅटने, म्हणजे बदली खेळाडूनेच. आणि सचिन? १९८७ साली ब्रेबॉर्नवरच्या प्रदर्शनी सामन्यात तो बदली म्हणून मैदानात उतरला, तोही चक्क पाकिस्तानकडून! ‘‘सुरुवात अशीच असते,’’ असं द्वादशी म्हणतो, आणि त्याची स्वतःची सुरुवात नऊ वर्षं चालू आहे हे त्याला सांगायचं धाडस कोणाला होत नाही. नियम चोविसावा त्याला पाठ आहे. बदली खेळाडूला बॅटिंग नाही, बोलिंग नाही, कप्तानीही नाही. २०१७ साली नियम बदलून पंचांच्या संमतीने बदली खेळाडूला यष्टिरक्षण करायची मुभा मिळाली, तेव्हा याने आम्हाला पेढे वाटले होते. आमच्या विकेटकीपरने तेवढा पेढा खाल्ला नाही.

आणि एके रविवारी योग आला. रात्रभर कोसळलेला पाऊस पहाटे थांबला, पण माझी लोकल कुर्ला आणि सायनच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. मी आझाद मैदानावर धापा टाकत पोचलो तेव्हा टॉस होऊन गेला होता आणि फाइन लेगला माझ्या जागी पांढरे बूट चमकत होते. कॅप्टन लांबूनच ओरडला, ‘‘तू आज बारावा!’’

त्यात काय एवढं, असं मला वाटलं. पाण्याची सुट्टी झाली आणि माझी दातखीळ बसली. ग्लुकोज कोणत्या बाटलीत आहे? विकेटकीपरला ते चालत नाही, त्याला लिंबू-मीठ लागतं. ऑफस्पिनरला पाणी नको असतं, बोटं पुसायला कोरडा पंचा हवा असतो. कॅप्टनचा चहाचा थर्मास कुठे आहे? मी भरलेला ट्रे घेऊन गेलो आणि एकूण एकाला चुकीची वस्तू दिली.

‘‘अरे, द्वादशी कुठाय?’’ कोणीतरी वैतागून विचारलं.

‘‘तो खेळतोय.’’

‘‘खेळतोय? मग हे सगळं कोण बघणार?’’

शेवटी फाइन लेगहून तोच धावत आला. किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यातून त्याने पंचा काढला, पॅडच्या आतून थर्मास काढला, हेल्मेटमध्ये ठेवलेली लिंबाची डबी काढली. दोन मिनिटांत सगळ्यांची तहान भागवून, मलाही एक केळं देऊन, तो पळत आपल्या जागी गेला. पुढे अकराव्या नंबरवर जाऊन त्याने एक चेंडू उचलून मारला. तो गवतात कुठे दडला ते फील्डरांना सापडेपर्यंत याने तीन धावा पळून घेतल्या. नाबाद तीन! पांढरे बूट तेवढे चॉकलेटी झाले.

पुढच्या शनिवारी कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘खेळलास मस्तच. पण टीमचे काय हाल झाले ते पाहिलंस ना?’’ त्याने पाहिले होते. मान डोलवून तो घरी बूट पांढरे करायला गेला.

या नऊ वर्षांत आमच्या टीमच्या अकराच्या अकरा जागा बदलल्या. दोन कॅप्टन गेले, मला तीनदा वगळलं, विकेटकीपरची हल्ली धाकधूक सुरू आहे. यादीतलं बारावं नाव मात्र एकदाच काय ते हललं आणि पुढच्याच शनिवारी जागेवर आलं.