साध्या फायलीचा धोका

विकीचा मजकूर साध्या युनिकोड फायलीत ठेवावा, असे म्हणणाऱ्यांना ज्ञानाची प्रतिष्ठा कळत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला, १९७६ साली पहिला खंड निघाला. आता त्याच्या नोंदी महाजालावर कुणीही फुकट वाचतो. विद्वत्तेची काय किंमत राहिली? यापेक्षा युनिकोडपूर्व जुने फाँट शहाणे. फाँट असेल तोवर पडद्यावर ‘कृष्णा’ वाहते. तो नसला की रोमन अक्षरे, कंस नि टिंबे. यालाच माहितीची सुरक्षितता म्हणतात.

कुणी म्हणेल, ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची पुस्तके भिजली; साध्या फायलीच्या दहा प्रती दहा गावी ठेवता येतात. खरे आहे, पण मग जबाबदार कोणाला धरायचे? शिवाय विकीत मथळ्याला बरोबरची चिन्हे नि दुव्याला चौकोनी कंस पुरतात. इतक्या स्वस्तात भागले तर निविदा कशाची काढणार? आणि यूटीएफ-८मध्ये ‘सातारा’ नि ‘सांगली’ दोन्ही १८ बाइटांतच मावतात. शेजारच्या जिल्ह्यांत एवढी समानता बरी नव्हे.

तेव्हा ठराव असा की, रूढ पद्धतच उत्तम: मजकूर टंकावा, छापावा, गोल शिक्का मारावा, किंचित तिरका स्कॅन करावा आणि पीडीएफ चढवावी. हा ठरावही असाच जतन करावा, म्हणजे तो कुणाला सापडणार नाही आणि दरवर्षी नव्याने एकमताने मंजूर करता येईल.