मिसिसिपीतल्या मळेवाल्यास

मळेवाले साहेब,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

रूलव्हिलजवळच्या तुमच्या कापसाच्या मळ्यावर फॅनी लू हेमर 18 वर्षं राबल्या. बाईंना लिहिता-वाचता यायचं, म्हणून नोंदीचं कामही तुम्ही त्यांनाच दिलंत. काट्याचं वजन मात्र तुमचं! ते जरा जडच असायचं, त्यामुळे वेचणाऱ्यांचा कापूस आपोआप कमी भरायचा. बाई स्वतःचं खरं वजन लपवून मळ्यात न्यायच्या आणि तुम्ही लांबून दिसलात की निमूट तुमचं लावायच्या. मालकाचा मान राखावा तो असा.

बाई तुमच्या घरी साफसफाईलाही यायच्या. एकदा तुमच्या मुलीनं सांगितलं, ही न्हाणी फार घासू नका, ही आमच्या कुत्र्याची. बाईंच्या स्वतःच्या घरात धड चालणारा संडास नव्हता. भूतदया तुमच्या घराण्यातच दिसते.

मग 31 ऑगस्ट 1962 उजाडला. 18 जण बसनं इंडियानोलाच्या कचेरीत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले. सनफ्लॉवर परगण्यात वस्ती बहुतांशी काळ्यांची, मतदार गोरे. ही घडी विस्कटू नये म्हणून कारकुनानं बाईंना राज्यघटनेतलं एक किचकट कलम समजावून सांगायला लावलं. बाई नापास. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा!

संध्याकाळी तुम्ही बजावलंत, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी गेले होते, असं सांगून बाई त्याच रात्री निघाल्या. त्यांच्या नवऱ्याला मात्र कापूस निघेपर्यंत ठेवून घेतलंत. तत्त्व तत्त्वाच्या जागी, वेचणी वेचणीच्या जागी.

पुढचं श्रेय तुमचंच. मळा सुटला नसता तर बाई ऑगस्ट 1964 मध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे कशाला गेल्या असत्या? तिथं त्यांनी तुमची कीर्ती सांगितली, विनोनाच्या तुरुंगात त्यांना झालेली मारहाणही सांगितली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एवढे धास्तावले की घाईघाईनं पत्रकारांपुढे येऊन त्यांनी कॅमेरे स्वतःकडे वळवले. पण टीव्हीवाल्यांनी रात्री बाईंचं बोलणं देशभर दाखवलं.

असो. 18 वर्षांच्या कापसाची बाकी किती निघते, तेवढं उलट टपाली कळवावं. हिशेब करताना वजन बाईंचं लावावं.

कळावे,
एक वाचक