पांढरा फळा आणि बोटभर अंतर

शाळेत ज्याला सगळे ‘स्मार्ट बोर्ड’ म्हणतात तो तीन वस्तू मिळून होतो: संगणक, प्रोजेक्टर आणि बोट किंवा पेन कुठे टेकले हे ओळखणारा पांढरा फळा. चौथी वस्तू वीज. ती संचाबरोबर येत नाही.

कॅनडातील कॅलगरीच्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये असा फळा बाजारात आणला. कंपनीचा जन्म १९८७चा. त्याच सुमारास भारत सरकार प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा मिळावा म्हणून खडू-फळा मोहीम हाती घेत होते. काळा फळा अजून भिंतीपर्यंत पोचायचा होता आणि तिकडे त्याची सवत पाळण्यात होती. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत दोघींची गाठ पडली, पुष्कळदा लोकवर्गणीतून. वर्गणीची वस्तू गावाची होते, आणि गावाची वस्तू जपण्याची खात्रीची रीत म्हणजे ती न वापरणे. म्हणून काही शाळांत या फळ्याला झालरीचे कव्हर असते आणि ते केंद्रप्रमुखांची गाडी वळणावर दिसली की निघते.

कव्हर निघाल्यावरचे पहिले काम जुळवणीचे. पडद्यावर एकामागून एक अधिकची चिन्हे उमटतात आणि प्रत्येकाच्या मधोमध पेन टेकवायचे असते. चित्र नेमके कुठे पडले आहे, हे फळ्याला त्यावरून कळते. यानंतर कुणी प्रोजेक्टरला धक्का दिला, की सगळे बोटभर सरकते. शिक्षक ‘क’ इथे काढतात, तो तिथे उमटतो. बेरीज पुसायला जावे तर सुविचार पुसला जातो. उपाय पुन्हा जुळवणी हाच आहे. फळ्यावर थाप मारण्याचा उपाय टीव्हीच्या काळातला असून इथे लागू पडत नाही, कारण फळा थापेलाही लेखन समजतो.

दुसरी अडचण सावलीची. समोरच्या टेबलावरचा प्रोजेक्टर शिक्षकाच्या पाठीवरच भारताचा नकाशा काढतो. विदर्भ खांद्यावर आणि कोकण कोपरापाशी. फळ्याच्या डोक्यावर, भिंतीलगत बसवायचा प्रोजेक्टर निघाला तो याचसाठी. तो नसेल तर कडेला उभे राहून हात लांब करावा. खिडकीचे ऊन मात्र कडेला सरकत नाही, तिथे जुनी चादर लागते.

तिसरी अडचण साध्या मार्करची. नवख्या पाहुण्याच्या हाती तो सापडतो आणि उद्घाटनाची सही कायमची होते. तिच्यावर पुसता येणारा मार्कर गिरवून लगेच पुसले तर बरीचशी निघते. तेवढे करण्याचे धाडस पाहुणे असेपर्यंत कोणी करत नाही.

एवढे जमले की शिकवणे उरते. इथे फळा खरोखर कामाचा आहे, पण पेन मुलाच्या हाती गेले तरच. भाकरीचे चित्र ओढून चतकोर वेगळा काढणे, कोनमापक फिरवून कोनावर नीट बसवणे, नकाशात उगमापासून मुखापर्यंत गोदावरीवरून बोट नेणे, ही कामे खडूला जमत नाहीत. त्यासाठी फळा मुलांच्या उंचीवर हवा. तो सहसा पाहुण्यांच्या उंचीवर बसवलेला असतो, म्हणून पहिलीसाठी स्टूल लागते. द्विशिक्षकी शाळेत तर एक इयत्ता फळ्यापाशी गटाने काम करते तेव्हा दुसरीला गुरुजी सापडतात. नुसता व्हिडिओ लावून गुरुजींनी हजेरीचे रकाने भरले, तर एवढ्या खटाटोपातून फक्त मोठा टीव्ही मिळतो.

अमेरिकेतील शिक्षण-संशोधक रॉबर्ट मार्झानो यांनी २००९ मध्ये अशा वर्गांचा अभ्यास मांडला. सरासरीने फळ्यामुळे मुलांची प्रगती वाढलेली दिसली, पण २३ टक्के प्रसंगी तेच शिक्षक फळ्याविना अधिक चांगले शिकवत होते. चुका ओळखीच्या आहेत: पडद्यावर चित्रांची जत्रा, एका पानावर मुले स्थिरावण्याआधी पुढचे पान, आणि उत्तर बरोबर आले की यंत्राच्या टाळ्या. टाळ्या वाजल्या की मुले टाळ्यांकडे वळतात, उत्तर बरोबर का, हे विचारायचे राहून जाते. टाळ्यांचा आवाज बंद करता येतो. ते बटण शोधायला मुलांची मदत घेऊ नये, मिळणार नाही.

लिहिलेले पान जपून ठेवता येते, ही या फळ्याची मोठी सोय. कालचे गणित आज जसेच्या तसे उघडते, कालच्या चुकीसकट. काळ्या फळ्याने अशा किती चुका पोटात घातल्या, याची नोंद कुठेच नाही. त्याला भिंतीवरून काढू नये. तारीख, वार आणि पट त्याच्यावरच राहतो, आणि भारनियमनाच्या वेळी उरलेला तासही.

बंद करण्याचीही रीत आहे. दिव्याचा प्रोजेक्टर विझल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ फिरून दिवा निववतो, तोवर मेन स्विच खाली ओढायचा नसतो. स्विच ओढण्याचा मान ज्या मुलाकडे असेल त्याला हे घंटेच्या आधी सांगावे लागते. घंटेनंतर तो वेशीपाशी पोचलेला असतो.