दहा हजारांच्या आत

चाळीस हजारांचा फोन घ्यायला अक्कल लागत नाही. दुकानात जावं, कार्ड पुढे करावं, बाहेर यावं. खरी कसोटी लागते ती दहा हजारांच्या आत. म्हणून प्रस्तुत नियमावली हैदराबादेतल्या मराठी गृहस्थांसाठी, त्यातही सेवानिवृत्तांसाठी, आणि त्यातही बँकेतून निवृत्त झालेल्यांसाठी सिद्ध केली आहे. ज्यांच्या निरीक्षणातून ती साकारली ते आमचे सासरे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. स्टेट बँक ऑफ हैदराबादेत रोखपाल म्हणून चिकटले, मराठवाडाभर बदल्या भोगल्या आणि गनफौंड्रीच्या मुख्य कचेरीतून निवृत्त झाले. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. आप्पांनी ते अजून पुरतं मंजूर केलेलं नाही.

नियम पहिला : गरज नाकारावी. टच फोनचा विषय निघाला की ‘मला काय करायचाय तो?’ असं म्हणावं. बटणांचा फोन काढून दाखवावा. एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस बघावं लागत नाही, हातातून पडला तर फरशीची काळजी करावी, वगैरे मुद्दे मांडावेत. हे मुद्दे खरेच असतात, त्यामुळे समोरचा गप्प बसतो. आप्पांचा किल्ला पडला तो शेजाऱ्यांमुळे. शेजारचे तेलुगू गृहस्थ दक्षिण मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्यासाठी फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी चालतो. शेजाऱ्यांनी लुंगीवर, पलंगावर बसून, कॉफी पिता पिता आपण जिवंत असल्याचं केंद्र सरकारला कळवलं. त्याच सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन रांगेत उभे राहायला निघाले होते. संध्याकाळी म्हणाले, “जावईबापू, साधारण काय पडतो हो टचचा?”

नियम दुसरा : चौकशी करावी. चौकशी म्हणजे खरेदी नव्हे, खरेदी लांबवण्याचा तो अधिकृत मार्ग आहे. त्यासाठी एक वही घालावी, पट्टीनं रकाने आखावेत आणि भेटेल त्याला विचारावं. आप्पांनी भाजीवाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या झाडून साऱ्यांना विचारलं. निष्कर्ष असा की प्रत्येक माणूस स्वतःकडे आहे तोच फोन उत्तम असल्याचं सांगतो. त्यानं पैसे मोजलेले असतात, दुसरं काय सांगणार? वही भरली, रकान्यांच्या खाली बेरजेची जागा रिकामी राहिली.

नियम तिसरा : पेटीवरचे आकडे वाचावेत, पण विश्वास निवडून ठेवावा. रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नये. पेटीवर ‘४ अधिक ४ म्हणजे ८’ असं ठळक छापलेलं असतं. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार फोन स्वतःच्याच साठवणुकीतून उसने घेतो, आणि ती साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. हे दुकानातल्या पोरानं तीनदा समजावलं तरी आप्पांना पटेना. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे ओव्हरड्राफ्ट!” ते म्हणाले. “मग जमेच्या बाजूला कशाला दाखवतात?” पोराकडे उत्तर नव्हतं. कंपनीकडेही नसावं.

साठवणूक ६४ जीबी तरी हवी आणि वर मेमरी कार्डाला जागा हवी. कारण निवृत्त माणसाच्या फोनचा शत्रू व्हायरस नसून ‘शुभ सकाळ’ हा आहे. गुलाबाच्या फुलांनी आणि उगवत्या सूर्यांनी फोन सहा महिन्यांत गच्च भरतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी. पुढचा कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेलचा असावा, नाहीतर आपण हयात असल्याचं सरकारला दिसायचं नाही. मागे तीन गोल दिसले म्हणून हुरळू नये. स्वस्तातल्या फोनात बहुधा एकच कॅमेरा कामाचा असतो, बाकीचे शोभेचे.

नियम चौथा : रंग सासूबाईंना निवडू द्यावा. कव्हर लागलं की तो कुणालाच दिसत नाही.

नियम पाचवा : बोट तपासावं. फोनचं नव्हे, स्वतःचं. हा नियम कुठल्याही पेटीवर छापलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर.

पूर्वीच्या टच फोनांपैकी बरेच दाबावर चालत. पडद्याचे दोन थर एकमेकांना टेकले की फोनला कळे. त्याला नख चाले, काडी चाले, पेनचं टोपणही चाले. २००८ साली आलेल्या नोकिया ५८०० बरोबर तर टोचायला काडीच मिळायची. आताचे पडदे निराळे. काचेखाली अगदी बारीकसं विद्युत क्षेत्र असतं. बोट टेकलं की त्यातला किंचित भार बोटाकडे ओढला जातो, आणि कुठे ओढला गेला त्यावरून फोन जागा ओळखतो. म्हणजे जोर लावून उपयोग नाही. नखानंही होत नाही. आणि वयपरत्वे ज्यांच्या बोटांची कातडी कोरडी, राठ झाली, त्यांचं बोट काही वेळा फोनच्या खिजगणतीतच नसतं. नातवंडं म्हणतात, ‘आजोबांना जमत नाही.’ आजोबांना जमत असतं, काचेला आजोबा जाणवत नसतात.

आप्पांनी यावर जो उपाय काढला तो कुठल्याही अभियंत्याला सुचला नसता. काउंटरवर बसून आयुष्यभर नोटा मोजल्या. समोर ओला स्पंज, तो नसला तर जीभ. दुकानात नमुन्याचा फोन हातात आला, यादी वर सरकेना, तेव्हा त्यांनी सवयीनं उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि शंभराच्या नोटेचा कोपरा उचलावा तसं पडद्यावर फिरवलं. यादी सरसर वर गेली. ओलाव्यानं वीज वाहून नेण्याचं काम सोपं होतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण पोरगं आ वासून बघत राहिलं. “अंकल, ये क्या कर रै?” आप्पा म्हणाले, “कॅश.”

सासूबाईंनी या पद्धतीवर घरी कडक बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. शिवाय पाणी जास्त झालं तर थेंबालाच बोट समजून फोन भलतीकडे उड्या मारतो. सभ्य पर्याय असे : वर लावायची काच पातळ घ्यावी, जाड आणि निकृष्ट काचेनं स्पर्श आणखी बोथट होतो. काही फोनांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, ती चालू करावी. आणि सेटिंगमध्ये सुलभतेच्या सदराखाली ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ अवधी असतो, तो सर्वात लांब ठेवावा. ज्येष्ठ माणूस बोट टेकवतो आणि विचार करतो. फोनला वाटतं, यांना काहीतरी वेगळंच हवंय, आणि तो भलतीच यादी उघडतो. अर्धी भांडणं या एका सेटिंगनं मिटतात. अक्षर मोठं करावं, पण एकदम सर्वात मोठं करू नये. काही ॲपमध्ये ‘पुढे जा’चं बटण मग पडद्याच्या तळाशी गडप होतं आणि माणूस तिथंच बसून राहतो.

नियम सहावा : सल्लागाराचा टी-शर्ट पाहावा. मोठ्या दुकानात जो हसून पुढे येतो तो दुकानाचा माणूस असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याला एखाद्या कंपनीनं तिथं उभं केलेलं असतं, आणि टी-शर्टवर जे नाव असतं त्याच कंपनीचा फोन तुमच्या प्रकृतीला मानवतो असं त्याचं प्रामाणिक मत असतं.

नियम सातवा : शून्य टक्के व्याज ऐकताच खुर्ची ओढून बसावं. हा आमच्या आप्पांचा प्रांत. “झिरो परसेंट आहे अंकल,” असं पोरगं म्हणालं आणि तिथं अर्ध्या तासाचा वर्ग भरला. २०१३ साली खुद्द रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नसते. व्याज कुठंतरी असतंच. प्रक्रिया शुल्कात असतं, नाहीतर रोखीनं घेतल्यावर मिळणारी जी सूट तुम्ही सोडता, त्यात असतं. हप्त्यावर दिलेल्या काही फोनांत असं ॲप बसवलेलं असतं, की हप्ता चुकला तर फोनच कुलूपबंद. आप्पांनी हे सगळं शांतपणे वदवून घेतलं आणि विचारलं, “आणि रोख दिले तर?” आठशे रुपये कमी झाले. पोराचा चेहरा उतरला तेव्हा मला त्याचीच दया आली. महिन्याचं टार्गेट असतं त्यांना.

नियम आठवा : जुना फोन घ्यायचा असेल तर आबिड्सच्या जगदीश मार्केटात जावं, पण एकट्यानं जाऊ नये. त्या गल्ल्यांत मेलेला फोन जिवंत करणारे कारागीर बसलेले आहेत. भिंगाखाली सुईएवढ्या टोकानं डाग देताना त्यांचे हात पाहावेत, जन्माचं सार्थक होतं. “नक्को सोचो इत्ता, कडक पीस है” या वाक्यावर मात्र व्यवहार करू नये. फोनवर *#०६# दाबावं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजी केवायएम अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवावा. फोन कोणत्या कंपनीचा कोणता आहे ते येतं, आणि चोरीचा म्हणून काळ्या यादीत टाकलेला असेल तर तेही कळतं. विक्रेत्याच्या देखत हे केलं की काही वेळा फोनची किंमत उतरते, काही वेळा विक्रेताच चहाला जातो. आणि बिल घ्यावं. एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘बिना बिल’चा गळ सगळीकडे टाकला जातो. पण बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि फोन चोरीला गेला तर तो आपला होता हे सांगायला कागद नाही.

नियम नववा : स्वस्ताला खालीही मर्यादा असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीनं ‘फ्रीडम २५१’ नावाचा टच फोन २५१ रुपयांत देऊ केला. नोंदणी उघडताच संकेतस्थळ कोलमडलं. ग्रंथ संग्रहालयातले निम्मे लोक आप्पांना म्हणाले, तुम्हीही नोंदवा. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरनं झाकलेलं निघालं, ही बातमी आली आणि आप्पांनी विषय तिथंच संपवला. “खाडाखोड केलेला चेक आपण परत करतो,” ते म्हणाले. पुढे कंपनीच्या संचालकावर फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. टच फोनच्या इतिहासात आप्पांनी न बघता घेतलेला हा एकच निर्णय, आणि तो बिनचूक.

नियम दहावा : ५जीसाठी अडून बसू नये. घेतलाच तर दुकानदाराला ‘माझ्या सिमवर चालेल का?’ असं विचारावं. जिओनं ५जी सुरुवातीपासून स्वतंत्र जाळ्यावर उभारलं, एअरटेलनं आधी ४जीच्या आधारानं. काही स्वस्त ५जी फोन फक्त पहिला प्रकार पकडतात. दुसऱ्या कंपनीचं सिम असलं की पेटीवरचं ५जी पेटीवरच राहतं.

नियम अकरावा : परीक्षा दुकानाबाहेर घ्यावी. दुकानात एसी असतो, उजेड मऊ असतो आणि सगळ्यांचाच आवाज स्पष्ट येतो. फोन घेऊन कोठीच्या रस्त्यावर उभं राहावं, भर दुपारी. पडद्यावरचं अक्षर उन्हात दिसतं का? सिटी बस, ऑटो आणि नारळपाणीवाला यांच्या मधोमध पलीकडचं बोलणं ऐकू येतं का? दुकानदार कुरकुरतो, म्हणून एक माणूस तारण म्हणून दुकानात ठेवावा. मी तो होतो. आप्पांनी बाहेर जाऊन सासूबाईंना फोन लावला, अन् त्यांचा आवाज मला आत, काउंटरपर्यंत ऐकू आला. “अहो, ओरडताय कशाला? घ्यायचा तर घ्या एकदाचा!”

घेतला. ४ जीबी, १२८ जीबी, ५००० एमएएचची बॅटरी. पेटीत चार्जर नव्हता. हल्ली बऱ्याच पेट्यांत नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, काच वेगळी, कव्हर वेगळं, हे पकडून दहा हजारांच्या आत बसवायचं असतं. ते बसलं. नोटा आप्पांनी दोनदा मोजल्या, दुकानदारानं मशीनवर मोजल्या, आणि आप्पा तो आकडा जुळेपर्यंत मशीनकडे संशयानं बघत राहिले.

आता तुमच्यासाठी शेवटची सूचना. बटणांचा जुना फोन दुकानात देऊन टाकण्याआधी त्यातले नंबर सिमवर आहेत की फोनवर, ते घरीच बघून निघा. फोनवर असतील तर नुसतं सिम नव्या फोनात घालून ते येत नाहीत. आप्पांचे सगळे वहीत, गाववार लिहिलेले आहेत. तुमचे नसणार.