लॅपटॉप उठवावा कसा, निजवावा कसा : चिपळूण तालुक्यासाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका चिपळूण शहर, खेर्डी, गोवळकोट, पेढे-परशुराम आणि वाशिष्ठीच्या पाण्याशी ज्यांचे घरोब्याचे संबंध आहेत अशा सर्व घरांना लागू राहील. डोंगरावरच्या वाड्यांनी ती आपापल्या जबाबदारीवर वाचावी. तिथे पाणी चढत नाही, पण लाईट तिथलीही जाते.

लॅपटॉप सुरू झाला नाही की सर्वप्रथम माणसं जमतात. शेजारचे काका येतात, वरच्या मजल्यावरचा डिप्लोमावाला येतो, आणि फोनवर पुण्यातला भाचा असतोच. तिघांचं निदान वेगवेगळं, उपाय मात्र एकच : ‘फॉरमॅट मारा.’ फॉरमॅट म्हणजे मुंजीचे फोटो, सातबाऱ्याची स्कॅन केलेली प्रत आणि धाकटीचा अर्धा झालेला प्रोजेक्ट यांना एका फटक्यात निरोप. सल्ला देणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही, म्हणूनच हा उपाय सर्वांना एकदम सुचतो. सबब, जमलेल्या मंडळींना चहा द्यावा आणि लॅपटॉपपासून दोन हात लांब बसवावं.

आता परीक्षण. पडदा काळा असून त्यावर इंग्रजीत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ आली असेल, तर घाबरण्याआधी लॅपटॉपच्या दोन्ही कडा चाचपाव्यात. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह तिथे लटकलेला सापडण्याची शक्यता बरीच असते. काही यंत्रं सुरू होताना आधी पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधतात, आणि तिथे त्यांना फक्त लग्नपत्रिकेची पीडीएफ मिळते. पेनड्राइव्ह काढावा, पुन्हा सुरू करावं. काढूनही तीच ओळ आली, तर मात्र हार्ड डिस्क निखळली किंवा खपली असण्याचा संभव आहे, आणि इथून पुढे भाच्याचं काम नाही.

दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, आणि त्याची मोठी वीजगृहं चिपळूण तालुक्यातच, पोफळी-कोळकेवाडीच्या परिसरात. महाराष्ट्राला उजेड देऊन उरलेलं पाणी वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे पाणी चिपळूणला नक्की मिळतं. विजेबद्दल इतकं ठामपणे बोलता येत नाही. जूनच्या पहिल्या वाऱ्यात ती जाते आणि येताना एकदम जोरात येते. लॅपटॉपचा चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्ट पचवतो, त्यापुढचा झटका नाही. म्हणून लाईट गेली की चार्जर काढावा, आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की लाईट असली तरीही काढावा.

झटक्यानंतर लॅपटॉप निपचित पडला असेल, तर पुढील विधी करावा. चार्जर काढावा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी. मग सुरू करायचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरावं. आत अडकून राहिलेला विद्युतभार यामुळे निघून जातो. या काळात कोणी ‘झालं काय?’ असं विचारल्यास उत्तर देऊ नये, मोजणी चुकते. मग नुसता चार्जर लावून पाहावं. या विधीला नारळ लागत नाही, तरी फोडायचा असल्यास टेबलापासून दूर फोडावा.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा अंधारा, असं असेल तर संशय रॅमवर घ्यावा. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर पुटं चढतात. दुरुस्तीच्या दुकानात त्यावर चालणारं सर्वांत मान्यवर उपकरण म्हणजे शाळकरी मुलाचं खोडरबर. यंत्र पूर्ण बंद करून, बॅटरी सोडवून, रॅमची पट्टी काढायची, दात हलक्या हाताने घासायचे, कण झटकून पुन्हा बसवायची. हे हसण्यावारी नेऊ नये, बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मात्र अलीकडच्या पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते. तसं असल्यास खोडरबर मुलाला परत करावं.

आणखी एक विकार काळाचा. लॅपटॉप सुरू होतो, पण तारीख कित्येक वर्षं मागची दाखवतो. आतली रुपयाएवढी तीन व्होल्टची बटण-बॅटरी संपलेली असते. घड्याळ चालू ठेवण्याचं काम तिचं. मग बँकेची वेबसाइट ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेते, कारण लॅपटॉपच्या हिशेबाने बँकेचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून निघायचंच असतं आणि २०२१चा पूरही अजून यायचा असतो. बॅटरी स्वस्तात मिळते. ती बदलण्याआधी बँकेशी भांडू नये.

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली तर ‘बंद करून चालू कर’ हा सर्वांत जुना उपाय. त्याला कोणी कमी लेखू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दमात निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची पाळी आली. तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना सांगितलं की यंत्र पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, काहींना १५ वेळांपर्यंत करावं लागलं आहे. भाचा वेगळं काय सांगतो?

फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. २०१२ साली विंडोज ८ आलं, त्यासोबत ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तेव्हापासून ‘शट डाउन’ केलेला लॅपटॉप पुरता बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा उघडतो, कालच्या दुखण्यासकट. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. यावरून घरोघर असे संवाद झडतात :

‘मावशी, रीस्टार्ट केलंस का?’

‘अरे, रात्री बंद केला, सकाळी लावला. आणखी काय वेगळं असतं?’

वेगळं असतं, मावशी. शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउन केलंत तर खरं बंद होतं.

उठवण्याचं इतकं पुरे. निजवणं जास्त अवघड आहे.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून संगणकाच्या निद्रेचं शास्त्र ठरवलं. त्यात एस३ म्हणजे साधी झोप : सगळं बंद, फक्त मेमरीला थेंबभर वीज. एस४ म्हणजे हायबरनेट : उघडं असलेलं काम डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडायची. हे शहाण्यासारखं चाललं होतं. मग फोनसारखं चटकन उठता यावं म्हणून ‘मॉडर्न स्टँडबाय’ आलं. ही झोप म्हणजे ओटीवर आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले आजोबा : घोरतातही, आणि ‘कोण आलं?’ म्हणूनही विचारतात. लॅपटॉप झाकण मिटून मेल तपासतो, अपडेट शोधतो. चिपळूणला झाकण मिटून बॅगेत घातलेला लॅपटॉप मांडवी एक्सप्रेसमधून मुंबईकडे निघतो आणि पनवेलला बॅग गरम लागते, बॅटरी तळाला गेलेली असते, त्याचं कारण हेच. प्रवासाला निघताना हायबरनेट करावं. मेनूत तो पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो चालू करता येतो.

रात्री दोन वाजता पडदा आपोआप उजळत असेल तर घरात कोणाला विचारू नये, लॅपटॉपलाच विचारावं. काळ्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ लिहून पुढे ‘/लास्टवेक’ जोडलं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) की शेवटचं कोणी उठवलं ते तो सांगतो. ‘/रिक्वेस्ट्स’ जोडलं की कोण झोपू देत नाही ते कळतं; त्यासाठी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते. आरोपी बहुधा माऊस निघतो. टेबलाला धक्का लागला की तो हलतो आणि यंत्र जागं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा उठवण्याचा अधिकार काढून घेता येतो.

याच्या उलट तक्रार अशी की काम चालू असताना लॅपटॉप अचानक डोळे मिटतो. झाकण मिटल्याचं ओळखायला बऱ्याच लॅपटॉपांत एक चुंबक आणि तो ओळखणारा संवेदक असतो. चुंबकी झडपेचं फोन-कव्हर किंवा चुंबकी कडं नेमकं त्या जागी आलं, की यंत्राला वाटतं झाकण मिटलं. दसऱ्याला शस्त्रपूजेत दोन लॅपटॉप एकावर एक ठेवले तरी हेच होऊ शकतं. शिवाय कुंकू चार्जिंगच्या खाचेत जातं ते वेगळंच. फूल वाहावं, कुंकू नको.

आता पाणी. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं, वीज गेली, मोबाइलही गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५च्या पुरानंतर दुसऱ्यांदा पुस्तकं भिजलेली पाहिली. अशा पाण्यातून निघालेला लॅपटॉप ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणं हा सर्वांत महागडा प्रयोग. पाणी मारत नाही तितकं ओल्यात सोडलेली वीज मारते. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. तांदूळ मोकळ्या हवेपेक्षा काही जास्त सुकवत नाही आणि त्याची भुकटी आत जाते. बॅटरी सोडवून, न चालवता, दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. आतला गाळ अल्कोहोलने धुवावा लागतो. हार्ड डिस्क वेगळी काढून ठेवावी, तिला तर मुळीच वीज लावू नये. तिच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं आणि तिथून गाळ गेलेला असू शकतो.

पूर येणार म्हटलं की चिपळूणकर गहू, कागदपत्रं, फ्रिज, टीव्ही या क्रमाने सामान माळ्यावर चढवतो. लॅपटॉप त्या यादीत आता वर आहे, पण त्यातला मजकूर नाही. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती चिपळूणबाहेर, शक्यतो त्या भाच्याकडेच, ठेवावी, आणि दुसरी क्लाउडवर चढवावी. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नये. ही कामं मे महिन्यात उरकून घ्यावीत. जूनमध्ये लाईट असेलच असं नाही.