मामांचं आविला

केडगावचा माणूस परदेशात येतो तो परदेश बघायला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात केडगाव जगात कुठंकुठं सांडलंय, ते हुडकायला तो आलेला असतो.

माझे सासरे दौंडकडच्या या केडगावचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते माद्रिदला आमच्याकडं आले तेव्हा मी त्यांना आविला दाखवायला नेलं. रेल्वेनं दीडेक तास. धोतर, कोट, टोपी, गळ्यात माळ आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गावच्या गुऱ्हाळातल्या ढेपेचा फोडलेला गूळ. गाडीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न, "पाव्हणं, ही शटल का मेल?" पुणे-दौंड शटलवर ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यासाठी रेल्वेच्या दोनच जाती.

आविलाचा तट दिसला की भलेभले गप्प होतात. अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला, सुमारे 2.5 किलोमीटरचा वेढा, 88 बुरूज, 9 दरवाजे. देवळाची, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलची, मागची बाजूच एका बुरुजात गुंतलेली. 1985 पासून युनेस्कोच्या यादीत. मी सगळं पाठ करून गेलो होतो. मामांनी शांतपणे ऐकलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आपलं पेडगाव बी असंच हाय."

पेडगाव म्हणजे दौंडच्या पलीकडं, भीमेकाठचा बहादूरगड. 1689 साली संभाजीराजांना कैद करून औरंगजेबापुढं उभं केलं ते तिथं. मामांचा त्या किल्ल्यावर जीव आहे. ताजमहाल दाखवला तरी ते आधी पेडगावचा तट लावून बघतील. "अडीच किलोमीटर? चौफुल्याला चालत गेलं तर याच्यापरीस जास्त व्हतंय," असं म्हणून त्यांनी नखानं दरज खरवडली. "चुना मातूर चांगला वापरलाय."

तटावर चढायला तिकीट पडतं, हे कळलं आणि मामांचा चेहरा एकदम भोळा झाला. लोक वेड पांघरून पेडगावला जातात. मामा वेड पांघरून आविलात शिरले. खिडकीतल्या बाईंशी ते अस्सल दौंडी मराठीत बोलले, आधार कार्ड पुढं सरकवलं आणि ज्येष्ठांची सवलत घेऊन बाहेर आले. मला पुरते पैसे पडले.

गावात ग्रॅनाइटचे जुने बैल आहेत, रोमनांच्याही आधी इथं राहणाऱ्या वेत्तोन लोकांनी घडवलेले. इथं मामा खरे रमले. भोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली, वाकून तोंड पाहिलं. "वशिंड न्हाई," निकाल लागला. "जर्शी दिसतोय."

पुढं मिठाईचं दुकान लागलं. सांता तेरेसाच्या नावानं तिथं पिवळे गोळे विकतात. मामांनी एक उचलला. अंड्याचा बलक आहे, हे मला सांगावं लागलं. माळेला हात लावून त्यांनी गोळा खाली ठेवला, पिशवीतून गूळ काढला आणि दुकानातल्या पोरीच्या हातावर खडा ठेवला. तिला आवडला. "इचारा, किती किलो घेती!"

ही तेरेसा 1515 साली जन्मली. 1562 मध्ये मठाची ऐषआरामी रीत सोडून तिनं स्वतःचा वेगळा मठ काढला. मी हे सांगतोय तोच मामा म्हणाले, "म्हंजे आपल्या मुक्तीतल्या बाई." इथं मात्र मला हसू आलं नाही. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातल्या, टाकलेल्या बायकांना आसरा दिला, अख्खं बायबल मराठीत आणलं, ते छापायला तिथल्याच बायका राबल्या. 1922 साली बाई केडगावातच गेल्या. वीसेक वर्षं शिकूनसवरून माद्रिदला राहणाऱ्या जावयाला ही जोडी सुचली नव्हती.

पुढं सुट्टीत केडगावला गेलो तर पारडं फिरलेलं. गुळाच्या लिलावात, पारावर, जिथं तिथं मामा आविला सांगत होते. तिकडं असं, तिकडं तसं. मला हट्टानं पेडगावला नेलं. पडक्या तटावर शेळ्या चढल्या होत्या. मामांनी राखणाऱ्या पोराला झापलं, "उतरव त्यास्नी! आविलात तिकीट पडलं असतं!"

"आविला कुठल्या तालुक्यात आलं, बाबा?" पोरानं विचारलं.

"श्रीगोंद्याच्या जरा म्होरं," मामा म्हणाले.